जुना टॉवर झाला राउटर: एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पाच माणसांचं घर. थोरली मुलगी घरून काम करते, सॉफ्टवेअर तपासण्याचं. लिनक्सचं टर्मिनल तिच्या रोजच्या हातातलं, पण नेटवर्किंग म्हणजे केबल लावली की नेट येतं, एवढंच तिला ठाऊक. धाकटा भाऊ गेम खेळतो आणि त्याचे व्हिडिओ चढवतो. बाबा निवृत्त; कॅमेरे, प्रिंटर, टीव्ही हा सगळा त्यांचा कारभार. आई आणि आजीला फोनवर नेट चाललं की पुरे. ओळख झाकायची म्हणून इथे कुणाचंच नाव घेत नाही. मी थोरलीचा जुना सहकारी. प्रत्येक टप्प्यावर तिने मला विचारलं आणि निम्म्या वेळा स्वतःच्या मनासारखं केलं.

लाइन फायबरची, डाउनलोड १०० मेगाबिट, अपलोड ३०. सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेला एकच डबा सगळं करायचा: फायबरचा सिग्नल उतरवायचा, पीपीपीओईने (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत) लॉगिन करायचा, राउटिंग (घर आणि बाहेरचं नेट यांतली ने-आण) करायचा आणि वायफायही द्यायचा. घरात दोन वस्तू पडून होत्या. एक म्हणजे २००८ च्या आसपासचा टॉवर: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, बोर्डावर एकच नेटवर्क पोर्ट. दुसरी म्हणजे आधीच्या घरातला वायफाय राउटर. हा दुसरा पुढे अपेक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडला.

अडचण

मूळ तक्रार एका वाक्याची: धाकट्याने व्हिडिओ चढवायला घेतला की थोरलीचा कॉल तुटतो. स्पीड टेस्टचे आकडे मात्र पूर्ण. कंपनीचा माणूस येऊन तेच आकडे दाखवून 'लाइन ओके' म्हणून गेला, आणि लाइन खरोखरच ओके होती. दोष रांगेचा होता. अपलोड ३० मेगाबिटला भिडलं की डबा जादाची पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) टाकून देण्याऐवजी स्वतःकडे साठवायचा, आणि कॉलचं प्रत्येक पॅकेट त्या साठ्याच्या शेपटाला उभं राहायचं. रिकाम्या लाइनवर पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) दहा मिलिसेकंदांच्या आत, व्हिडिओ चढत असताना दोनशेच्या वर. याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल ही रांग आवरायची पद्धत याच दुखण्यावरचं औषध आहे. तिच्या वंशातलं केक २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच येतं. डब्यात यातलं काहीच नव्हतं. महिनाभर खापर धाकट्याच्या डोक्यावर फुटत राहिलं ते वेगळंच.

शोधायला बसल्यावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. डब्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कित्येक वर्षं जुनं होतं आणि ते बदलायचा अधिकार घरच्यांकडे नव्हता. आणि डब्यात यूपीएनपी (यंत्राने मागितलं की आपोआप परवानगी देणारी सोय) चालू असल्यामुळे एका कॅमेऱ्याने कुणालाही न विचारता स्वतःसाठी डब्यातून आत यायची वाट उघडून घेतली होती. ते पाहिल्यावर कॉलची तक्रार बाजूला पडली आणि थोरलीला राउटरच आपल्या हातात हवासा वाटू लागला.

समोर असलेले पर्याय

डबा बदलून मागणं हा पहिला पर्याय. बदल्यात त्याच जातीचा दुसरा डबा येणार, म्हणून तो लगेच मागे पडला.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर) चालेल असा तयार राउटर विकत घेणं हा दुसरा. खरं सांगायचं तर अनेक घरांसाठी हाच सरळ मार्ग: वीज कमी खातो, आवाज नाही, वायफाय आतच. मी हाच सुचवला होता. थोरलीचं म्हणणं, टॉवर माळ्यावर धूळ खातोय, आधी त्यावर करून पाहू, नाही जमलं तर राउटर आहेच. शिकायचं असेल तर हे म्हणणं चूक नाही.

टॉवरवर काय बसवायचं, यावर खरी चर्चा झाली. पीसीला राउटर बनवणारी पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ही दोन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. २०१५ मध्ये पीएफसेन्सपासून वेगळं निघालेलं ओपीएनसेन्स आज जोरात आहे. दोघांनाही ब्राउझरमधून सगळं करता येतं, आलेख दिसतात, एका बटणावर बॅकअप निघतो. पण २ जीबी रॅम त्यांच्यासाठी अगदी काठावरची होती, आणि शंभर सोयींपैकी घराला पाचच हव्या होत्या. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमचा पीएफ (तिची फायरवॉल, म्हणजे काय सोडायचं-अडवायचं ते ठरवणारा भाग) मला स्वतःला आवडतो. २००१ च्या अखेरीस ओपनबीएसडी ३.० सोबत तो आला, आणि त्याची नियमांची फाइल आजही साध्या इंग्रजीसारखी वाचता येते. पण थोरलीने ओपनबीएसडी कधी हाताळलेलं नव्हतं.

तिने डेबियन, म्हणजे लिनक्सचंच एक रूप, घेतलं. फायरवॉलला एनएफटेबल्स, यंत्रांना पत्ते वाटायला आणि साइटच्या नावांवरून पत्ते शोधायला डीएनएसमास्क, लॉगिनला पीपीपी. कारण तिने एका वाक्यात सांगितलं: 'रात्री बिघडलं तर मला कुठली फाइल उघडायची ते पाठ असलं पाहिजे.' या कारणापुढे माझा पीएफ मुकाट्याने मागे घेतला. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा होता हेही बरं झालं. डेबियन १३ पासून ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर मिळत नाही, आणि त्याहून जुना पीसी असता तर इथेच अडलं असतं.

पोर्टचा प्रश्न

राउटरला किमान दोन पोर्ट लागतात, बोर्डावर एकच. धाकट्याच्या खणात रिअलटेकचं जुनं पीसीआय कार्ड सापडलं, १०० मेगाबिटचं. लाइनही १०० चीच, म्हणजे गणित जेमतेम जुळत होतं, पण उद्या लाइन वाढवली की ते कार्ड फेकावं लागलं असतं. यूएसबीचा नेटवर्क अडॅप्टर हा दुसरा तोडगा. चोवीस तास चालायच्या राउटरमध्ये मी तो टाळतो, कारण धक्का लागून तो निसटला की अख्खं घर बंद. शेवटी इंटेलचं दोन पोर्टांचं वापरलेलं गिगाबिट कार्ड घेतलं. बोर्डावरचा धरून तीन पोर्ट झाले: एक बाहेरचा, एक घरचा, आणि तिसरा कॅमेऱ्यांचा. तिसऱ्या पोर्टाची कल्पना कार्ड हातात आल्यावर सुचली. कॅमेरे वेगळे पाडायला व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळी नेटवर्क पाडायची सोय) कळणारा स्विच लागेल असं आम्ही धरून चाललो होतो, त्याची गरजच उरली नाही.

कार्ड खोचल्याबरोबर एक गंमत झाली. लिनक्स पोर्टांची नावं कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून पाडतं. नवं कार्ड आल्याने खाचांचे क्रमांक सरकले आणि बोर्डावरच्या पोर्टाचं नावच बदललं. नियमांच्या फाइलमध्ये जुनं नाव होतं. एनएफटेबल्समध्ये पोर्ट नावाने ओळखायला सांगितला, तर त्या नावाचा पोर्ट अस्तित्वात नसला तरी ते कुरकुर करत नाही. नियम गुपचूप लागतो आणि कशालाच लागू पडत नाही. थोरलीने मग सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करणारा भाग) लिंक फाइलमध्ये प्रत्येक पोर्टाला त्याच्या मॅक पत्त्यावरून (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कायमचं नाव दिलं: वॅन (बाहेरचा), घर, कॅमेरा. ज्याला ज्याला राउटर बनवायचा आहे त्याने हे पहिल्याच दिवशी करावं.

नियम

नियमांची फाइल चाळीस ओळींच्या आत बसली. बाहेरून राउटरकडे येणारं आणि राउटरमधून पलीकडे जाणारं, दोन्ही मुळात बंद. आतून सुरू झालेल्या संवादाची उत्तरं आत येऊ द्यायची. घरातून बाहेर जायला मोकळीक. कॅमेऱ्यांकडून बाहेर काहीही नाही; वेळ जुळवायची असेल तर राउटरलाच विचारा. घरातून कॅमेऱ्यांकडे बघता येईल, उलट दिशेने नाही. आयसीएमपी (पिंग आणि अडचणींचे निरोप नेणारा प्रकार) सरसकट बंद करायचा नाही. 'पिंग बंद म्हणजे सुरक्षित' हा समज फार पसरलाय, पण मार्गातल्या पॅकेटचा आकार ठरवायला तोच निरोप लागतो, आणि आयपीव्ही६ (नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) तर त्याच्यावाचून चालतच नाही. बाहेर जाणाऱ्या सगळ्यांवर एक मास्करेड, म्हणजे अख्खं घर बाहेर एकाच पत्त्याने दिसेल.

टेबल (नियमांचा गठ्ठा) कुठलं घ्यायचं हा छोटा पण मोलाचा निर्णय. तिने इनेट प्रकारचं घेतलं, जे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोघांना एकत्र लागू होतं. फक्त आयपीव्ही४ चं घेतलं असतं, तर कंपनीने आयपीव्ही६ चालू केल्या दिवशी घरातलं प्रत्येक यंत्र उघड्यावर आलं असतं, कारण तिथे मास्करेडचा आडोसा नसतो.

इथे मी एका गोष्टीवर हटून बसलो. एनएफटेबल्स नियमांची फाइल अख्खी लावतं किंवा मुळीच लावत नाही. एका ओळीत चूक असली तर पूर्ण फाइल नाकारते. चालू राउटरवर हे चांगलं, जुने नियम तसेच राहतात. पण राउटर नुकताच सुरू होत असताना जुने नियम नसतातच. म्हणजे एका चुकलेल्या स्वल्पविरामाने राउटर बिनफायरवॉलचा उठतो आणि आत कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे पॅकेट पुढे पाठवण्याची कर्नलची परवानगी नेहमीच्या सेटिंगमध्ये न ठेवता, नियम यशस्वीपणे लागल्यानंतरच ती चालू होईल अशी मांडणी करायला लावली. पीपीपीचं लॉगिनही त्यानंतरच. नियम लागले नाहीत तर नेट चालणारच नाही, आणि नेट बंद पडलं की घरात पाच माणसं लगेच सांगतात.

शिवाय नियम बदलताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेणं सोपं असतं. त्यावर तिची युक्ती चांगली होती: नवे नियम लावण्याआधी पाच मिनिटांनी जुने परत लावणारं काम पार्श्वभूमीत सोडायचं. सगळं ठीक असेल तर ते काम रद्द करायचं, नसेल तर चहा पिऊन यायचं.

बदलाचा दिवस

आधी काही दिवस टॉवर डब्याच्या मागे लावला आणि त्याच्या मागे फक्त थोरलीचा लॅपटॉप. डबा १९२.१६८.१ च्या पट्ट्यात पत्ते वाटत होता, म्हणून टॉवरने १९२.१६८.५० चा पट्टा घेतला. दोन्हीकडे एकच पट्टा असता तर कुठलं पॅकेट कुठे, हे टॉवरला कळलंच नसतं. दुहेरी नॅट (पत्त्यांची अदलाबदल दोनदा) झालं, पण चाचणीपुरतं ते चालतं. मग कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडवर (फक्त सिग्नल उतरवायचा, बाकी टॉवरकडे) टाकून घेतला आणि पीपीपीओईचं नाव-पासवर्ड मागून घेतलं. ब्रिज मोडवर डब्याचं वायफाय बंद झालं. तिथे तो जुना वायफाय राउटर कामाला आला: त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटणारा भाग) बंद केला, त्याला १९२.१६८.५०.२ हा पत्ता दिला आणि केबल वॅनच्या नव्हे तर लॅनच्या (घरच्या बाजूच्या) भोकात लावली. बस, फक्त वायफाय देणारा अॅक्सेस पॉइंट तयार.

पहिल्या तासात प्रिंटर हरवला. बाबांनी पूर्वी कधीतरी त्याला हाताने जुन्या पट्ट्यातला पत्ता दिलेला होता. तो प्रिंटरमधून काढून डीएनएसमास्कमध्ये मॅक पत्त्यावर राखीव ठेवला.

दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. बहुतेक साइट उघडत होत्या, पण थोरलीचं ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी बोगदा) जोडलं जाऊन गप्प बसायचं, आणि काही साइटची शीर्षकं येऊन पान पांढरंच राहायचं. छोटं जातंय, मोठं अडकतंय, ही खूण ओळखीची आहे. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं जातं, पीपीपीओई त्यातले ८ स्वतःला घेतं, उरतात १४९२. पॅकेट तोडायला मनाई करून पिंग केलं: १४६४ बाइटचं गेलं, १४६५ चं अडलं. पत्त्याबित्त्याचे २८ बाइटचे हेडर मिळवा, बरोबर १४९२. डबा हे गुपचूप सांभाळत होता, टॉवरला कुणी सांगितलेलं नव्हतं. एनएफटेबल्समध्ये एका ओळीने टीसीपीच्या (साइटशी होणारा संवाद) सुरुवातीच्या पॅकेटमधला कमाल आकार मार्गाच्या मापाने कमी करायला सांगितला आणि पांढरी पानं भरली. व्हीपीएनच्या बोगद्याचं मापही तेवढंच उतरवावं लागलं.

संध्याकाळी केक लावलं: अपलोड २८ वर, डाउनलोड ९२ वर बांधलं. रांग कंपनीच्या उपकरणात न साचता आपल्या ताब्यात राहावी म्हणून लाइनपेक्षा थोडं कमी ठेवायचं असतं. धाकट्याला मोठा व्हिडिओ चढवायला लावला, पिंग तीस-पस्तिसाच्या वर गेला नाही. मूळ तक्रार तिथेच मिटली.

वीज गेली तेव्हा

मधल्या काळात थोरलीने एक भर घातली होती. डीएनएसमास्क नावांची चौकशी बाहेरच्या सर्व्हरकडे ढकलत होता. तिला उत्तरांच्या सह्या घरीच तपासायच्या होत्या, म्हणून अनबाउंड (नावं शोधणारा दुसरा प्रोग्राम) बसवलं आणि डीएनएससेक (उत्तर खरं आहे का ते सहीवरून तपासणं) चालू केलं. माझीही त्याला हरकत नव्हती.

काही आठवड्यांनी ती बाहेरगावी असताना घरची वीज दोन-तीन तास गेली. परत आली, टॉवर उठला नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आली की सुरू हो' हे सेटिंग तिने आठवणीने केलेलं होतं, पण बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पार मेलेली होती. वीज असेपर्यंत ते कळत नाही. वीज गेली की बायोस सगळं विसरतो. बाबांनी बटण दाबलं, पंखा फिरला, नेट नाही. त्यांनी मोबाइलवरून फोन लावला.

'अगं, टीव्हीला जोडला. काळ्या पडद्यावर लिहिलंय, चालू ठेवायला एफ वन दाबा.'

'मग दाबा ना, बाबा.'

'कीबोर्ड कुठाय?'

कीबोर्ड धाकट्याच्या गेमच्या पीसीचा काढून आणला. एफ वन दाबलं, डेबियन सुरू झालं, पीपीपीचं लॉगिनही झालं, आणि तरीही एकही साइट उघडेना. थोरलीने फोनवरून पिंग करायला लावलं: आकड्यांच्या पत्त्यावर जातो, नावावर जात नाही. मग तिने बाबांकडून तारीख वाचून घेतली. पडद्यावर वर्षभरापूर्वीची तारीख होती.

इथे गाठ अशी पडली होती. बॅटरी मेल्याने घड्याळ मागे गेलं. सिस्टमडीने ते स्वतःच्या बांधणीच्या तारखेपर्यंत पुढे ढकललं, पण आजपर्यंत आणलं नाही. डीएनएससेकच्या सह्या थोड्याच दिवसांच्या मुदतीच्या असतात, आणि या घड्याळाप्रमाणे आजच्या सह्या अजून सुरूच झालेल्या नव्हत्या. म्हणून अनबाउंड प्रत्येक उत्तर नाकारत होतं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या क्रोनीला टाइम सर्व्हरची नावं दिलेली होती, आणि नावं शोधायला अनबाउंडच हवं होतं. वेळ नाही म्हणून नावं नाहीत, नावं नाहीत म्हणून वेळ नाही.

सुटका बाबांच्या हातून झाली. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून लॉगिन, मग थोरलीने एकेक अक्षर सांगितलं: 'डेट, मग जागा, मग डॅश, मग छोटा एस, मग परत जागा...' अवतरण चिन्ह शिफ्टने येतं हे समजावण्यातच बराच वेळ गेला. तारीख बसली, अनबाउंड शुद्धीवर आलं, आईचा फोन टिंगटिंगायला लागला. रूटचा पासवर्ड फोनवरून मोठ्याने सांगावा लागला तो तिने परतल्यावर बदलला.

निष्पत्ती

परतल्यावर तिने तीन कामं केली. बॅटरी बदलली. हार्ड डिस्कच्या जागी एक छोटी एसएसडी बसवली. जुन्या डिस्कने तक्रार केली नव्हती, पण तिच्या वयाकडे बघता तशी वाट बघण्यात अर्थ नव्हता. आणि अनबाउंड काढून पुन्हा एकट्या डीएनएसमास्कवर आली.

बाबांसाठी चार ओळींचा कागद टॉवरला चिकटवला. टॉवर दगावला तर डब्याची केबल काढून वायफाय राउटरच्या वॅन भोकात लावायची, राउटरच्या पानावर डीएचसीपी चालू करायचा, फोन वायफायवरून तोडून परत जोडायचा. पीपीपीओईचं नाव-पासवर्ड त्या राउटरमध्ये आधीच भरून ठेवलेलं आहे. फायरवॉल त्या काळापुरती साधीच असेल, पण घर चालू राहील. हा कागद तिने बाबांना देऊन स्वतः खोलीबाहेर जाऊन तपासला. पहिल्या खेपेला 'वॅन भोक' म्हणजे कुठलं, हे त्यांना कळलं नाही. आता तिथे लाल चिकटपट्टी आहे.

कॅमेऱ्यांबद्दल घरात नाराजी राहिली. बाहेर बंदी घातल्यावर कंपनीच्या अॅपमधून बाहेरगावाहून चित्र दिसेनासं झालं. वायरगार्ड हे व्हीपीएन लावून घरात शिरता आलं असतं, पण बाहेरच्या पोर्टाला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणाऱ्या, कंपनीच्या स्वतःच्या नॅटमागच्या पट्ट्यातला निघाला. त्या पत्त्यावर बाहेरून कुणी येऊच शकत नाही. बाबांनी घरी असतानाच बघायचं मान्य केलं, मनापासून नव्हे.

विजेचा हिशोब शेवटी टॉवरवर उलटला. सॉकेटला मीटर लावून पाहिलं तर काही न करताही तो ६० वॅट घेत होता. वर्षाचे सव्वापाचशे युनिट, पंख्याचा आवाज वेगळा. वर्ष व्हायच्या आत तिने पंखा नसलेला, ८ वॅटचा वापरलेला छोटा पीसी घेतला. एसएसडी काढून त्यात खोचली, लिंक फाइलमधले मॅक पत्ते बदलले आणि घर परत नेटवर आलं. बाकी एकाही फाइलला हात लावावा लागला नाही. ओपीएनसेन्स घेतलं असतं तरी बॅकअपमधून हे जमलं असतं हे खरं. पण इथे नेमकं काय हललं ते तिला ओळीगणिक सांगता येत होतं. टॉवर परत माळ्यावर गेला.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात बॅटरीपासून. इतक्या जुन्या बोर्डावरची सीआर२०३२ मेलेलीच धरावी. त्याच बैठकीत बायोसमध्ये कीबोर्ड नसला तरी अडून न बसण्याचं सेटिंगही करून घ्यावं.

घरच्यांना राउटरवर घेण्याआधी सॉकेटमधून प्लग उपटून बघावा, नीट बंद न करता, आणि तासभर तसाच ठेवावा. मग लावून द्यावा आणि कशालाही हात न लावता नेट येतं का ते पाहावं. टॉवर डब्याच्या मागे चाचणीला होता तेव्हा ही परीक्षा फुकटात झाली असती. त्या दिवसांत स्पीड टेस्ट भरपूर झाल्या, प्लग कुणी काढला नाही. कुठलाही नवा भाग जोडला की ती पुन्हा घ्यावी. अनबाउंड आलं तेव्हाही ती झाली असती तर घड्याळाची गाठ थोरली घरात असतानाच दिसली असती.

वॉटमीटर शेवटी लावला, तो सगळ्यात आधी लावायला हवा होता. कदाचित टॉवर खाली उतरलाच नसता. कदाचित उतरला असता, कारण थोरलीला शिकायचं होतं, पण तो निर्णय आकडा बघून झाला असता.

कॅमेऱ्यांवर बंदी घालण्याआधी बाबांना विचारायला हवं होतं. कंपनीच्या नॅटमागचा पत्ता कुठल्याही दिवशी एका नजरेत ओळखता येतो. तो आधी कळता तर 'बाहेरून दिसणार नाही' हे स्पष्ट सांगून त्यांना ठरवू देता आलं असतं.

अनबाउंड काढण्याबाबत मात्र आमचं आजही जुळत नाही. तिचं म्हणणं, घरात जो भाग फक्त तिला समजतो तो कमी केलेला बरा. माझं म्हणणं, दोष अनबाउंडचा नव्हता. क्रोनीला दोन-तीन टाइम सर्व्हर आकड्यांच्या पत्त्यांनी दिले असते तर गाठ पडलीच नसती, आणि सह्या घरीच तपासणं गमवावं लागलं नसतं. तिने छोट्या पीसीवर क्रोनीमध्ये ते पत्ते घालून ठेवलेत. अनबाउंड परत बसवलेलं नाही.